‘ययाति’ वाचताना घर आठवले तर बिघडले कुठे?

अभिजात कादंबरी वाचताना वाचकाने तिचे नाते स्वतःच्या आयुष्याशी आणि घरातल्या माणसांशी जोडावे की नाही, हा वाद आपल्याकडे जुना आहे आणि तो बहुतेक वेळा भलत्याच अंगाने लढवला जातो. अलीकडे कोल्हापुरात वि. स. खांडेकरांच्या ‘ययाति’वर झालेल्या एका चर्चेत तो पुन्हा ऐकायला मिळाला. एका बाजूला साहित्य शिकवण्यात हयात घालवलेली मंडळी होती. त्यांचे म्हणणे असे, की वाचक आपले घर कादंबरीत घेऊन आला की कादंबरी बाजूला राहते आणि घरगुती गाऱ्हाणी सुरू होतात. म्हातारपणाचा शाप मिळाल्यावर मुलाकडे तारुण्य मागणारा ययाती हे मानवी वासनेचे प्रतीक आहे, त्याला कुणाचा सासरा किंवा चुलता करून टाकू नये. दुसऱ्या बाजूला महाविद्यालयातली मुले-मुली होती. हस्तिनापूरच्या राजाचे आणि त्याच्या राजवाड्याचे आमच्या जगण्याशी काहीच जुळत नाही, आम्ही त्याच्याशी ‘रिलेट’ होऊ शकत नाही, मग हे पुस्तक आम्ही का वाचावे, असा त्यांचा रोखठोक सवाल होता. दोन्ही बाजू एकमेकींवर तुटून पडल्या, पण दोघींनी गृहीत धरलेली गोष्ट एकच होती. कादंबरी आयुष्याशी जोडणे म्हणजे तिच्यात आपला चेहरा शोधणे, असे दोघीही मानत होत्या. एकीला ते उथळ वाटत होते आणि दुसरीला चेहरा सापडत नव्हता, एवढाच काय तो फरक.

मला हे गृहीतच अमान्य आहे. कादंबरी घराशी जोडावी, उघडपणे आणि निःसंकोच जोडावी, असे माझे ठाम मत आहे. मात्र जी माणसे आपण वर्षानुवर्षे रोज पाहतो आणि म्हणूनच ज्यांच्याविषयी काही विचारायचे आपण सोडून दिलेले असते, त्यांच्याविषयी कादंबरीमुळे पुन्हा प्रश्न पडू लागणे, याला मी जोडणे म्हणतो. त्याला एक अट आहे. कादंबरी आणि घर जिथे जुळत नाही ती जागा झाकायची नाही. तिथेच अधिक वेळ थांबायचे.

हा वाद कोल्हापुरात व्हावा याला विशेष कारण आहे. १९२० पासून शिरोड्याच्या शाळेत शिकवणारे खांडेकर १९३८ मध्ये इथे आले आणि १९७६ पर्यंत, म्हणजे अखेरपर्यंत, कोल्हापूरकरच राहिले. ‘ययाति’ १९५९ मध्ये प्रसिद्ध झाली, १९६० मध्ये तिला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, आणि १९७४ चे ज्ञानपीठ खांडेकरांना मिळाले तेव्हा मराठीच्या वाट्याला तो सन्मान प्रथमच आला. शिवाजी विद्यापीठात त्यांचे स्मृती संग्रहालय आहे. या सगळ्याचा अभिमान असणे योग्यच आहे, पण ज्या पुस्तकाचा गावाला अभिमान असतो ते पुस्तक गाव हळूहळू नमस्कारापुरते ठेवते, असा माझा अनुभव आहे. ‘ययाति’चे मोठेपण आमच्या पेठांमध्ये सगळ्यांना ठाऊक आहे; शर्मिष्ठा दासी का झाली हे विचारले तर मात्र फार थोड्यांना नीट सांगता येते.

विरोधकांच्या म्हणण्यात तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. स्वतःला पात्रात पाहणारा वाचक कुठवर जाऊ शकतो याचे उदाहरण युरोपच्या इतिहासात आहे. जर्मन लेखक गटेची वेर्थर या निराश प्रेमिकावरची कादंबरी १७७४ मध्ये आली आणि तरुण मुले नायकासारखा निळा कोट आणि पिवळे जाकीट घालून हिंडू लागली. नायकाच्या आत्महत्येचेही अनुकरण होईल या भीतीने पुढच्याच वर्षी लाइपझिग शहरात तिच्या विक्रीवर बंदी आली. दुसरा मुद्दा लेखकाच्या हेतूचा आहे. खांडेकरांना ययातीच्या रूपाने भौतिक सुखामागे बेभान धावणारा आजचा माणूस दिसत होता. संस्कृतीविषयीचे एवढे मोठे विधान एखाद्या घरातल्या वाटणीच्या भांडणावर बसवणे म्हणजे त्याला लहान करणे, हा आक्षेप सहज झटकून टाकण्यासारखा नाही. तिसरा मुद्दा कलेचा. आपल्या घराच्या शोधात निघालेला वाचक भाषा, रचना, निवेदन यांकडे पाहतच नाही, फक्त प्रसंग उचलतो. आणि चौथा आक्षेप, जो त्या चर्चेत कुणी मांडला नाही पण मला सर्वांत गंभीर वाटतो, तो असा, की घरातल्या माणसाने काही आपल्या कादंबरीत पात्र व्हायची परवानगी दिलेली नसते. वडिलांना ययाती म्हणून मोकळे होणारा मुलगा वडिलांवर अन्याय करत असतो आणि ययातीवरही.

हे सगळे मान्य करूनही एक प्रश्न उरतो. ही कथा घरापासून तोडून वाचायची असे म्हणणाऱ्यांनी ती मुळात कुणाला सांगितली गेली हे पाहिले आहे काय? महाभारताच्या आदिपर्वात वैशंपायन ययातीची कथा जनमेजयाला सांगतो, आणि ती सांगण्याची विनंती करताना जनमेजय ययातीचा उल्लेख आमचा पूर्वज असाच करतो. जनमेजय पूरूच्या वंशातला. म्हणजे ज्याने बापाला आपले तारुण्य दिले त्याचाच वंशज ही कथा ऐकत बसला आहे, आणि ज्या सिंहासनावर तो बसला आहे ते त्या देण्याच्या मोबदल्यात त्याच्या घराण्याकडे आलेले आहे. या कथेचा हा श्रोता तिला प्रतीक म्हणून ऐकत नव्हता. आपल्या घराचा इतिहास म्हणून ऐकत होता. तेव्हा घरगुती वाचन ही अलीकडच्या आळशी वाचकांनी काढलेली पळवाट आहे, हे म्हणणे टिकत नाही. आपल्याकडच्या बायकांनी तर ही रीत पिढ्यान्‌पिढ्या चालवली. जात्यावर बसून सीतेच्या वनवासाच्या आणि सासुरवासाच्या ओव्या गाणारी बाई स्वतःला सीता समजत नव्हती. सीतेचे दुःख आणि आपले दुःख शेजारी शेजारी ठेवून ती दोन्हींविषयी काहीतरी बोलत होती, आणि जे उघड बोलायची घरात सोय नव्हती ते त्या निमित्ताने बोलत होती. तिचे वाचन उथळ होते, असे म्हणायला कोण धजेल?

कादंबरी या प्रकाराविषयीच बोलायचे, तर हरि नारायण आपट्यांचे उदाहरण पुरेसे आहे. ‘पण लक्षात कोण घेतो?’ १८९० पासून ‘करमणूक’मध्ये क्रमशः येऊ लागली आणि १८९३ मध्ये पुस्तकरूपाने आली. ती यमुनेने स्वतः सांगितलेली आपली कहाणी आहे: माहेर, सासर, मुंबईतले थोडेसे सुखाचे दिवस, वैधव्य, आणि जबरदस्तीने केलेले केशवपन. त्या काळी हे साप्ताहिक हातात घेणाऱ्या कितीतरी मध्यमवर्गीय वाचकांच्या घरात माजघराच्या अंधारात विधवेचे लाल आलवण नेसलेली एखादी आत्या किंवा मावशी होतीच. ‘यमुना हे प्रतीक आहे, तिला तुमच्या माजघरात शोधू नका’ असे कुणी त्या वाचकाला बजावले असते, तर त्या कादंबरीचे काय उरले असते? हळहळ उरली असती आणि पान उलटले गेले असते. १९१७ मध्ये शाहू महाराजांनी करवीर संस्थानात विधवांच्या पुनर्विवाहाचा कायदा केला. तो कादंबरीमुळे झाला असे मी म्हणत नाही. त्यामागे फुल्यांपासूनची चळवळ होती आणि महाराजांची स्वतःची दृष्टी होती. पण कायदा पाळायला घर लागते, आणि घरातल्या माणसाला शेजारच्या खोलीतली बाई दिसायला लागणे हे काम कायद्याच्या आवाक्यातले नसते. ते काम आपट्यांच्या यमुनेने केले, कारण वाचकांनी तिला आपल्या घरात येऊ दिले.

आता माझ्या घराविषयी सांगतो, कारण त्याशिवाय हा युक्तिवाद हवेत राहील. माझ्या आजोबांचे शिवाजी उद्यमनगरात छोटे वर्कशॉप होते. कोल्हापूरचे ओतकाम आणि यंत्रकाम वाढले ते गुऱ्हाळांना लागणाऱ्या चरकांच्या आणि शेतीच्या पाण्यासाठी लागणाऱ्या ऑइल इंजिनांच्या जोरावर, आणि आजोबा त्याच पिढीतले. पुढे त्यांना दम्याने गाठले, डोक्यावर कर्ज होते, आणि धंदा कुणीतरी हातात घेणे भाग होते. थोरल्या काकांनी नकार दिला आणि ते पिंपरीला नोकरीसाठी निघून गेले. माझ्या वडिलांनी मॅट्रिकच्या वर्षी शाळा सोडली आणि ते लेथवर उभे राहिले. आमच्या घरात ही गोष्ट सणासुदीला सांगितली जाते, आणि तिच्यात काका स्वार्थी असतात व वडील त्यागी असतात. माझ्या आत्याने, जिचे शिक्षण सातवीपर्यंत झाले आणि जी आजही वाचनालयातून पुस्तक आणल्याशिवाय राहत नाही, ‘ययाति’ वाचली तेव्हा ती सहज म्हणाली, “आमच्या दादानं पूरूसारखंच केलं की.” ही तुलना घरात सगळ्यांना आवडली. तिथेच थांबलो असतो तर त्या चर्चेतल्या जाणकारांचा आक्षेप शंभर टक्के खरा ठरला असता, कारण त्या तुलनेने घराविषयी नवे काही कळले नव्हते आणि कादंबरीविषयीही नव्हते.

पण तुलना एकदा मांडली की ती तपासता येते. आजोबा ययाती होते काय? मुळीच नव्हते. ययातीने तारुण्य मागितले ते वासना पुरी झाली नाही म्हणून. आजोबांनी मुलाचे हात मागितले ते छातीत श्वास मावत नव्हता म्हणून. हा फरक लहान नाही, आणि तो मान्य केल्यावर कादंबरीविषयीच एक अवघड प्रश्न उभा राहतो. खांडेकरांचा ययाती भोगी आहे, म्हणून त्याला दोष देणे वाचकाला सोपे जाते. बाप भोगी नसून गरजू असेल तर? गरजेपोटी केलेल्या मागणीला नकार देणे हे वासनेपोटी केलेल्या मागणीला नकार देण्यापेक्षा कितीतरी कठीण असते, आणि देणाऱ्याला मोजावी लागणारी किंमत मात्र दोन्हीकडे सारखीच असते. आमच्या भागातल्या वर्कशॉपवाल्यांच्या, ऊसवाल्यांच्या, दुकानदारांच्या घरात ययाती क्वचितच भेटतो. थकलेला, कर्जात बुडालेला, सज्जन बाप जागोजाग भेटतो. कादंबरीने ज्या बापाला दोषी ठरवले त्याच्यापेक्षा हा बाप अधिक अवघड आहे, आणि त्याच्यापुढे कादंबरीचा न्याय अपुरा पडतो, असे माझे मत झाले. हे मत मला कोणत्याही समीक्षेच्या पुस्तकाने दिले नाही. आजोबा त्या साच्यात बसले नाहीत, म्हणून ते झाले.

दुसरी गोष्ट रचनेची. ‘ययाति’ तिघांच्या निवेदनातून उलगडते: ययाती, त्याची राणी देवयानी आणि तिची दासी शर्मिष्ठा. पूरूला निवेदन नाही. ज्याने सगळ्यात मोठे दान दिले त्याच्या मनात ते देताना काय होते, हे आपण इतरांच्याच तोंडून ऐकतो. हे ध्यानात आले तेव्हा मला जाणवले की आमच्या घरातली गोष्टही तशीच सांगितली जाते. आजी सांगायची, आत्या सांगते, आई सांगते, पण स्वतः वडील कधीच सांगत नाहीत. मग एके दिवशी आत्याच्या समोरच त्यांना विचारले की शाळा सोडताना तुम्हाला काय वाटले होते. ते म्हणाले, “मला कुठं शिकायचं होतं? शाळेत माझं मन लागायचंच नाही. लेथवर उभं राहिलो की बरं वाटायचं. शिकायचं होतं ते आक्काला.”

आक्का म्हणजे आत्या. ती वडिलांहून मोठी. सातवीला तिला चांगले गुण होते. पण वर्कशॉपमधल्या माणसांच्या भाकऱ्या आजीला एकटीला उरकेनात, म्हणून तिची शाळा थांबली, वडिलांची सुटण्याच्या कितीतरी आधी. घरातल्या कुठल्याही गोष्टीत हा प्रसंग नाही. तो त्याग म्हणून मोजलाच गेला नाही, कारण तो कुणी मागितला नव्हता आणि कुणी दिलाही नव्हता. तो नुसता घडला होता. वडिलांचे बोलणे ऐकून आत्या जे म्हणाली ते मी जसेच्या तसे लिहितो: “पूरूनं दिलं ते सगळ्यांना दिसलं. शर्मिष्ठेनं त्याच्या आधी दिलंतं, ते कुणी मोजलं न्हाई.”

या वाक्याकडे साहित्याचा अभ्यास म्हणून पाहा. वृषपर्व्याची मुलगी शर्मिष्ठा राजकन्या असून देवयानीची दासी होते, कारण देवयानीचे वडील आणि राजगुरू शुक्राचार्य रागावून राज्य सोडून गेले तर तिच्या वडिलांचे राज्य टिकणार नाही. बापाच्या राज्यासाठी आपले आयुष्य देणारे या कथेतले पहिले अपत्य ती आहे. पूरू हा तिचाच मुलगा. जे आईने बापासाठी केले तेच मुलगा बापासाठी करतो. एकाच कथेत दोन पिढ्या एकच किंमत मोजतात, पण मुलाच्या देण्याला राज्य मिळते आणि मुलीच्या देण्याला दासीपण. आमच्या परीक्षांच्या उत्तरांतून शर्मिष्ठा नेहमी निरपेक्ष प्रेमाचा आदर्श आणि अहंकारी देवयानीचा विरोध म्हणून येते. ते चूक नाही, पण कथेच्या सांगाड्यातली ही पुनरावृत्ती त्या उत्तरांत हरवते. तिचा हा भाग कादंबरीतच आहे, खांडेकरांनी शर्मिष्ठेला स्वतःचे निवेदन देऊन तो आपल्यापुढे ठेवला आहे. वासनेचे प्रतीक शोधणाऱ्या वाचकाच्या नजरेतून तो निसटतो, आणि भाकऱ्या भाजण्यासाठी शाळा सोडलेल्या बाईला तो दिसतो. मग घराकडे पाहणारा वाचक रचनेकडे पाहत नाही, या आक्षेपाचे काय करायचे? इथे रचना दिसली ती घरामुळेच.

लेखकाच्या हेतूचा मुद्दाही याच ठिकाणी पुन्हा पाहावा लागतो. खांडेकरांना भोगवादाविषयी बोलायचे होते, हे खरे. पण भोगवाद म्हणजे तरी काय? आपल्या सुखाचा किंवा आपल्या निकडीचा भार दुसऱ्याच्या आयुष्यावर टाकणे आणि ते आयुष्य आपलेच आहे असे मानणे. हे विधान जितके संस्कृतीला लागू आहे तितकेच चार खोल्यांच्या घरालाही लागू आहे. घरात ते तपासून पाहिले म्हणून ते लहान होत नाही. जाता जाता एक नोंद करतो. गणेश आत्माराम म्हणून जन्मलेला मुलगा १९१६ मध्ये दत्तक गेला आणि विष्णू सखाराम खांडेकर झाला. त्याचे महाविद्यालयीन शिक्षणही अपुरे राहिले. त्यावरून ‘ययाति’चा अर्थ लावण्याचा मोह मी टाळतो, कारण पुरावा नसताना असे धागे जोडणे मला पटत नाही. पण मोठ्यांच्या निर्णयाने मुलाचे नाव आणि वाट बदलते म्हणजे काय, हे या लेखकाला ऐकून माहीत नव्हते, एवढे म्हणायला हरकत नाही.

तरुणांच्या आक्षेपाला माझे उत्तर वेगळे आहे. आपल्याशी जुळत नाही ते वाचणार नाही, ही भूमिका मला घातक वाटते, कारण तिच्यामुळे माणूस आयुष्यभर स्वतःच्याच भोवती फिरत राहतो. पण ती भूमिका त्यांनी घेतली याचा दोष पूर्णपणे त्यांचा नाही. ‘ययाति’ म्हटले की त्यांना ययातीशीच नाते जोडायला सांगितले जाते. वीस वर्षांच्या मुलाने म्हातारपणाचा शाप मिळालेल्या राजाशी नाते का जोडावे? त्याची जागा मुलांच्या रांगेत आहे. महाभारतातल्या मूळ कथेत ययातीने पाचही मुलांकडे तारुण्य मागितले आणि चौघांनी नकार दिला. त्या चौघांना शाप मिळाले, राज्य धाकट्या पूरूला गेले. मात्र नकार देणाऱ्या थोरल्या यदूच्याच वंशात पुढे श्रीकृष्ण जन्माला आला. ज्या परंपरेने नकाराला शाप दिला तिनेच नकार देणाऱ्याच्या घरी कृष्णाला जन्म दिला, याचा विचार आपण कधी केला आहे काय? वडिलांना हवी ती शाखा घ्यायची की नाही, सात-बारावरची जमीन कसायला गावी थांबायचे की पुण्याला जायचे, घरच्यांनी ठरवलेल्या मुहूर्तावर लग्नाला उभे राहायचे की नाही, हे प्रश्न ज्यांच्यापुढे रोज आहेत त्या मुलांना यदू परका का वाटावा? आमच्या थोरल्या काकांविषयी घरात जे बोलले जाते ते मला या कथेनंतर पहिल्यासारखे ऐकवत नाही. त्यांचा नकार बरोबर होता असे मी म्हणत नाही. पण त्यांची बाजू आजवर कुणी विचारलेली नाही, हे आता मला टोचते, आणि ती विचारायचे मी ठरवले आहे.

राहिला घरातल्या माणसांवरील अन्यायाचा प्रश्न. तो मी सर्वांत गंभीर म्हटला आणि तो पूर्णपणे सुटतो असा दावा मी करणार नाही. हा मजकूर लिहिण्यापूर्वी मी वडील आणि आत्या या दोघांनाही तो वाचून दाखवला; दोघांची संमती नसती तर उदाहरण वगळले असते. पण लिहिण्यापलीकडेही एक पथ्य पाळता येते. कादंबरीतले नाव घरातल्या माणसाला चिकटवले की निकाल लागतो आणि बोलणे संपते. तेच नाव मनात ठेवून त्या माणसाला प्रश्न विचारला, तर तो माणूस ते नाव नाकारू शकतो. माझ्या वडिलांनी पूरू व्हायचे नाकारले, आणि त्या नाकारण्यातून आत्याची शाळा पहिल्यांदा घराच्या बोलण्यात आली.

म्हणून अभ्यासक्रम आखणाऱ्यांना आणि शिकवणाऱ्यांना माझी एक विनंती आहे. ‘ययातीचे स्वभावचित्र रेखाटा’ हा प्रश्न जरूर ठेवावा, पण त्याच्या जोडीला आणखी एक प्रश्न असावा: या कादंबरीतला कोणता प्रसंग तुमच्या पाहण्यातल्या एखाद्या घराशी जुळतो, कुठे जुळत नाही, आणि न जुळण्याचे कारण कादंबरीच्या कोणत्या भागात आहे? ज्याला स्वतःच्या घराविषयी लिहायचे नाही त्याला शेजारच्या, गावातल्या किंवा ऐकलेल्या घराविषयी लिहिण्याची मुभा हवी, कारण काही घरांविषयी लिहिणे मुलांना खरोखरच जड जाते. उत्तर तपासताना घराची हकीकत किती हृद्य आहे याला गुण देऊ नयेत. शेवटच्या भागाला द्यावेत, म्हणजे विद्यार्थ्याला पुस्तकाकडे परत जाऊन पान उघडावेच लागेल.